कॉपीराइट ज्ञानाला अडवतो की पुढं नेतो?

एखादं चांगलं पाठ्यपुस्तक लिहायला लेखकाची दोन-चार वर्षं सहज जातात. संदर्भ जमवायचे, आकृत्या काढायच्या, उदाहरणं सोडवून पाहायची, संपादकानं शंका काढली की अख्खं प्रकरण पुन्हा लिहायचं. त्याच पुस्तकाची पीडीएफ दुसऱ्याला पाठवायला काही सेकंद पुरतात. घडवायला महाग आणि नक्कल करायला जवळजवळ फुकट, असं हे सगळं आहे, आणि कॉपीराइटचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

ज्ञान वाटून कमी होत नाही. मला येणारं गणित तुम्हाला शिकवलं म्हणून माझं काही कमी होत नाही. त्यामुळं पुस्तक एकदा लिहून झालं की ते जितक्या लोकांच्या हाती जाईल तितकं बरं. त्या घडीपुरता विचार केला तर ते सगळ्यांना फुकट द्यावं हेच योग्य वाटतं. पण प्रत्येक पुस्तक पहिल्याच दिवशी फुकट झालं, तर पुढच्या पुस्तकासाठी वर्षं कोण घालवणार आणि ते छापायला पैसे कोण गुंतवणार? आजच्या वाचकाचं हित आणि अजून लिहिलं न गेलेल्या पुस्तकाचं हित अशी ही ओढाताण आहे. तिच्यावर समाजानं काढलेला तोडगा म्हणजे कॉपीराइट: लेखकाला ठरावीक काळापुरता, ठरावीक गोष्टींवर हक्क, आणि बाकीचं सगळं सर्वांना खुलं.

या तोडग्याचा पहिला भाग सगळ्यांना माहीत असतो. 'परवानगीशिवाय कोणताही भाग वापरू नये' ही सूचना पुस्तकाच्या सुरुवातीलाच छापलेली असते. दुसऱ्या भागाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. हक्काला मुदत असते, कल्पनांवर हक्क नसतो, शिकणाऱ्यांसाठी आणि समीक्षा करणाऱ्यांसाठी अपवाद असतात. अनेकांना या पळवाटा वाटतात. माझ्या मते कायद्याचा तो अर्धा भाग आहे, आणि ज्ञान पसरण्याचं काम मुख्यतः त्याच अर्ध्यातून होतं.

लेखकाला जगवण्याचे दुसरे मार्गही आहेत. राजाश्रय, सरकारी पगार, पुरस्कार, देणग्या यांतून मोठी कामं उभी राहिली आहेत. मूलभूत संशोधन तर आजही बऱ्याच अंशी सार्वजनिक पैशावर चालतं. पण आश्रयदात्याला न रुचणारं काही लिहायचं असेल तर काय? कॉपीराइटनं लेखकाचा चरितार्थ हजारो अनोळखी वाचकांच्या हाती दिला. त्यांतला एखादा नाराज झाला तरी लेखक उपाशी राहत नाही. निर्भय लेखनाच्या दृष्टीनं मला हा फार मोठा बदल वाटतो.

मक्तेदारीतून जन्मलेला कायदा

1557 साली इंग्लंडच्या राजसत्तेनं लंडनच्या छापखानदारांच्या आणि पुस्तकविक्रेत्यांच्या संघटनेला सनद दिली. स्टेशनर्स कंपनी हे तिचं नाव. काय छापलं जातं यावर सत्तेची नजर राहावी आणि त्या बदल्यात या मंडळींना छपाईचा मक्ता मिळावा, असा तो व्यवहार होता. पुस्तकाची नोंद ज्याच्या नावावर, त्याचा त्यावर कायमचा हक्क. हा नोंदवणारा प्रकाशक असे. लेखक एकदा हस्तलिखित विकून मोकळा झाला की पुढच्या व्यवहारात त्याला स्थान नव्हतं. छपाईआधी परवाना घ्यायला लावणारा कायदा 1695 साली संपला आणि त्याबरोबर या मक्त्याचा आधारही गेला.

नंतर 1710 साली जो कायदा अमलात आला तो जगातला पहिला आधुनिक कॉपीराइट कायदा मानला जातो. राणी ॲनच्या कारकिर्दीतल्या या कायद्याच्या शीर्षकातच 'विद्येला उत्तेजन देण्यासाठी' असा हेतू लिहिलेला आहे. हक्क पहिल्यांदाच लेखकाला मिळाला. मुदत 14 वर्षांची होती, आणि लेखक तोवर हयात असेल तर आणखी 14 वर्षांची. प्रत्येक पुस्तकाच्या नऊ प्रती ठरलेल्या ग्रंथालयांना द्याव्या लागत. पुस्तकाची किंमत अवाजवी वाटली तर तक्रार करण्याची सोयसुद्धा या कायद्यात होती. उत्पन्न लेखकाचं, पण त्याचा हेतू वाचकाची विद्या, हे नातं त्या पहिल्या मसुद्यात किती स्पष्ट होतं ते यातून दिसतं.

मुदती संपू लागल्या तेव्हा लंडनचे बडे पुस्तकविक्रेते बिथरले. कायद्यातली मुदत काहीही असो, रूढ कायद्यानं आमचा हक्क कायमचाच आहे, असा दावा त्यांनी केला आणि 1769 साली एका न्यायालयानं तो मान्यही केला. एडिनबरोचा अलेक्झांडर डोनाल्डसन हा विक्रेता मुदत संपलेली पुस्तकं स्वस्तात छापून विकत होता. त्याचं प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेलं, आणि प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांवरचा कायमचा हक्क 1774 साली फेटाळला गेला. त्यानंतर जुन्या लेखकांच्या स्वस्त आवृत्त्यांना मोकळी वाट मिळाली. आज प्रताधिकारमुक्त साहित्याला आपण गृहीत धरतो, त्यामागं हा निकाल आहे.

अमेरिकेचा अनुभव याच्या उलट बाजूनं शिकवतो. तिथल्या 1790 सालच्या पहिल्या कॉपीराइट कायद्यानं फक्त तिथले नागरिक आणि रहिवासी यांच्या लेखनाला संरक्षण दिलं. परदेशी पुस्तकं कुणीही, लेखकाला काही न देता छापावीत. हे थेट 1891 पर्यंत चाललं. वाचकांना इंग्लंडच्या कादंबऱ्या स्वस्तात मिळाल्या, हा फायदा खराच. पण त्याची झळ अमेरिकेच्याच लेखकांना बसली. लोकप्रिय इंग्रजी कादंबरी मानधनाशिवाय छापता येत असताना, स्थानिक नवोदिताला मानधन देऊन त्याचं पुस्तक छापण्याची जोखीम प्रकाशक कशाला घेईल? म्हणूनच परदेशी लेखकांना संरक्षण द्या अशी मागणी अमेरिकन लेखकांनीही लावून धरली. फुकट मिळणाऱ्या पुस्तकाची किंमत कधीकधी न लिहिल्या गेलेल्या पुस्तकाला मोजावी लागते, आणि ती कुणाच्या नजरेला पडत नाही.

दरम्यान 1886 साली बर्न करार झाला. सदस्य देशांनी एकमेकांच्या लेखकांना आपल्या लेखकांसारखं वागवायचं, हे त्याचं मुख्य सूत्र. आज बहुतेक देशांत लिहिताक्षणी हक्क मिळतो, नोंदणीची अट नसते, ती व्यवस्था याच करारातून आली.

हक्क मांडणीवर, कल्पनेवर नाही

सगळ्या विषयात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे, आणि सर्वांत जास्त गैरसमजही हिच्याबद्दलच आहेत. कॉपीराइट शब्दांना, चित्रांना, सुरावटींना, कोडच्या ओळींना मिळतो, म्हणजे मांडणीला मिळतो. त्या मांडणीमागची कल्पना, सिद्धांत, पद्धत, तथ्यं, आकडे, शोध यांच्यावर कुणाचाही कॉपीराइट नसतो.

चार्ल्स सेल्डन या अमेरिकन माणसानं 1859 साली हिशेब ठेवण्याची एक पद्धत पुस्तकातून मांडली आणि सोबत रकाने आखलेले नमुना-तक्ते दिले. पुढं दुसऱ्या एकानं तशाच रीतीच्या हिशेबवह्या विकायला काढल्या. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1880 च्या सुमारास निकाल लागला. पद्धत समजावून सांगणाऱ्या पुस्तकावर लेखकाचा हक्क आहे, पण ती पद्धत वापरण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, असं न्यायालयानं ठरवलं. पद्धतच राखून ठेवायची असेल तर पेटंटचा रस्ता आहे. तिथं अर्ज करावा लागतो, नवेपणाची तपासणी होते आणि साधारण 20 वर्षांची मुदत मिळते. हिशेबाचं पुस्तक वाचून हिशेब लिहिता येणार नसेल तर ते वाचायचंच कशाला, असा त्या निकालाचा सरळ आशय आहे.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयानंही 1978 साली एक नाटक आणि एक चित्रपट यांच्यातल्या वादात हेच तत्त्व मांडलं. विषय सारखा असणं म्हणजे चोरी नव्हे. दोन्ही कलाकृती पाहणाऱ्याला दुसरी ही पहिलीचीच नक्कल आहे असं स्पष्ट जाणवलं, तरच हक्कभंग होतो. अमेरिकेत 1991 साली टेलिफोन डिरेक्टरीबद्दलचा खटला गाजला. नावं आणि नंबर अकारविल्हे लावण्यात श्रम असतील, पण निर्मितीचा अंश नाही, म्हणून त्या यादीवर कॉपीराइट नाही, असं तिथं ठरलं. तथ्यं गोळा करणाऱ्याला तथ्यांचा मालक होता येत नाही.

ही रेषा नवनिर्मितीला कशी वाट देते हे पाहायला संगणकाच्या इतिहासातलं एक उदाहरण फार बोलकं आहे. आयबीएमनं 1981 साली आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्याचे बरेच सुटे भाग कुणालाही विकत मिळण्यासारखे होते. आयबीएमचा स्वतःचा म्हणावा असा कळीचा भाग होता बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना यंत्र आणि प्रोग्राम यांची गाठ घालून देणारा छोटा प्रोग्राम. त्याचा कोड उतरवून घेणं म्हणजे उघड हक्कभंग. कॉम्पॅक या नव्या कंपनीनं वेगळं केलं. एका गटानं मूळ बायोस अभ्यासून तो नेमका काय काय करतो याचं तपशीलवार वर्णन लिहिलं. दुसऱ्या गटात मूळ कोड कधीही न पाहिलेले प्रोग्रामर होते. त्यांनी फक्त त्या वर्णनावरून कोड नव्यानं लिहिला. काम तेच, मजकूर स्वतःचा. थोड्याच काळात फिनिक्स या कंपनीनं असाच बायोस लिहून इतर उत्पादकांना विकायला सुरुवात केली, आणि एकमेकांच्या प्रोग्रामना चालणारे संगणक अनेक कंपन्या बनवू लागल्या.

यात आयबीएमच्या प्रोग्रामरांचे कष्ट कुणी उचलून नेले नाहीत, आणि संगणकाचा बाजार एका कंपनीच्या मुठीतही राहिला नाही. कोडवर अजिबात संरक्षण नसतं तर पहिली गोष्ट घडली नसती. बायोस जे काम करतो त्या कामावरही हक्क असता, तर दुसरी.

शिकणाऱ्यांसाठी ठेवलेली जागा

मुदत चालू असतानाही काही वापरांना परवानगी लागत नाही. समीक्षेत उतारा देणं, बातमीत उल्लेख करणं, स्वतःच्या अभ्यासासाठी टिपणं काढणं हे बहुतेक देशांत चालतं. भारतीय कायद्याच्या कलम 52 मध्ये अशा वापरांची लांबलचक यादी आहे. अमेरिकेत यादीऐवजी चार कसोट्या लावतात: वापराचा हेतू, मूळ कृतीचं स्वरूप, किती भाग घेतला, आणि मूळ कृतीच्या बाजारावर काय परिणाम होतो. गुगलनं लाखो पुस्तकं स्कॅन करून त्यांत शब्द शोधण्याची सोय दिली आणि निकालात पुस्तकाचे बारीक तुकडेच दाखवले, तेव्हा 2015 साली तिथल्या अपील न्यायालयानं तो वापर योग्य ठरवला. पुस्तक सापडायला मदत होते आणि ते वाचण्याची गरज भागत नाही, म्हणून.

शिक्षणाच्या बाबतीत 2016 सालचा दिल्ली उच्च न्यायालयाचा निर्णय वाचण्यासारखा आहे. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाप्रमाणं वेगवेगळ्या पुस्तकांतली पानं एकत्र करून फोटोकॉपीचे संच दिले जात, त्याविरुद्ध काही बड्या आंतरराष्ट्रीय प्रकाशकांनी 2012 साली दावा लावला होता. शिकवण्याच्या ओघात लागणारा मजकूर त्या हेतूपुरता प्रत करता येतो, असं न्यायालयानं म्हटलं, आणि कॉपीराइट हा काही नैसर्गिक किंवा ईश्वरदत्त हक्क नाही, लोकांची बौद्धिक समृद्धी हा त्याचा हेतू आहे, हेही बजावलं. 2017 साली प्रकाशकांनी दावा मागं घेतला. मला हा निर्णय योग्य वाटतो. मात्र त्याचा अर्थ अख्खं पाठ्यपुस्तक स्कॅन करून वाटायला हरकत नाही असा लावणाऱ्यांशी मी सहमत नाही. वाचक थोडे असलेल्या विषयावर लिहिणाऱ्याच्या काही शे प्रती खपायच्या असतात. त्या खपल्या नाहीत तर त्या विषयावरचं पुढचं पुस्तक निघत नाही, आणि नुकसान पुन्हा विद्यार्थ्यांचंच होतं.

अंध वाचकांचा प्रश्न याहून तातडीचा होता. छापील पुस्तकाची ब्रेल किंवा बोलकी प्रत करायची तर अनेक देशांत प्रत्येक वेळी परवानगी काढावी लागे, आणि एका देशात तयार झालेली प्रत दुसऱ्या देशात पाठवता येत नसे. एकाच पुस्तकाची ब्रेल प्रत अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा करण्यात मोलाचे श्रम वाया जात. 2013 साली मराकेशमध्ये झालेल्या करारानं हा अडसर काढला. त्याला सर्वांत आधी अनुसमर्थन देणारा देश भारत होता, 2014 साली. आपल्या कायद्यात अशी तरतूद त्याआधीच, 2012 च्या दुरुस्तीनं आली होती. अपवाद नीट आखला तर लेखकाचं काहीही न जाता किती लोकांपुढं पुस्तकं उघडतात, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

हक्क वापरून दार उघडणं

कॉपीराइट असला म्हणजे लेखकानं तो अडवण्यासाठीच वापरला पाहिजे असं नाही. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रामरनं 1989 साली जीपीएल हा प्रोग्रामसाठीचा परवाना प्रसिद्ध केला. प्रोग्राम कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा. अट एवढीच की बदललेली आवृत्ती वाटायची असेल तर ती याच परवान्याखाली, कोड उघड ठेवून वाटायची. अट मोडणाऱ्याला रोखता येतं ते कोडवर लेखकाचा कॉपीराइट आहे म्हणूनच. लिनक्स ही संगणक चालवणारी मूळ प्रणाली 1992 सालापासून याच परवान्याखाली आहे, आणि अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्सच आहे. मजकूर, छायाचित्रं, व्याख्यानं यांच्यासाठी हेच काम क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने 2002 पासून करत आहेत. विकिपीडियाचा मजकूरही अशाच परवान्याखाली आहे: नाव द्या, वापरा, बदला, आणि बदललेलं त्याच अटींवर पुढं द्या.

मुदत किती असावी

इथं मात्र माझा कायद्याशी खरा मतभेद आहे. 14 वर्षांपासून सुरू झालेली मुदत आज भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, तर युरोपीय संघात आणि अमेरिकेत 70 वर्षं झाली आहे. आपल्याकडं आधी 50 वर्षं होती. रवींद्रनाथ ठाकूर 1941 साली गेले. त्यांच्या साहित्यावरचा हक्क 1991 अखेर संपत आला, तेव्हा मुदत वाढवण्याची मागणी झाली आणि 1992 च्या दुरुस्तीनं ती सगळ्यांसाठीच 10 वर्षांनी वाढली.

अमेरिकेनं 1998 साली 20 वर्षांची वाढ केली, तीही आधीच लिहून झालेल्या पुस्तकांना लागू करून. या वाढीला आव्हान देणाऱ्या खटल्यात 17 अर्थतज्ज्ञांनी न्यायालयापुढं निवेदन ठेवलं. त्यांत पाच नोबेल विजेते होते. इतक्या दूरच्या भविष्यात मिळणाऱ्या उत्पन्नाचं आजचं मूल्य नगण्य असतं, त्यामुळं नवं लिहायला त्यातून जवळजवळ काहीच जास्तीचं उत्तेजन मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. 2003 साली न्यायालयानं तरीही कायदा कायम ठेवला. पण युक्तिवाद मला बिनतोड वाटतो. गेलेला लेखक मुदत वाढवली म्हणून आणखी एक ओळही लिहू शकत नाही.

लांब मुदतीचा सर्वांत मोठा फटका गाजलेल्या पुस्तकांना बसत नाही, ती बाजारात मिळतातच. फटका बसतो विसरलेल्या पुस्तकांना. प्रकाशन संस्था बंद पडलेली असते, वारस कोण ते कळत नाही, परवानगी मागायची कुणाकडं हेच माहीत नसतं. मग पुस्तक पुन्हा छापलंही जात नाही आणि स्कॅन करून सर्वांसमोर ठेवताही येत नाही. तोवर कागद मात्र पिवळा पडून तुटत जातो. भारतीय कायद्यात अशा पुस्तकांसाठी रीतसर अर्ज करून परवाना मिळवण्याची तरतूद आहे, पण एकेका पुस्तकासाठी तेवढी धडपड करणारे थोडेच. ठरावीक वर्षांनंतर हक्क चालू ठेवायचा असेल तर वारसानं नोंदणी करावी, एवढी अट घातली तरी यातली असंख्य पुस्तकं मोकळी होतील असं मला वाटतं. बर्न कराराच्या चौकटीत ते सोपं नाही.

शोधनिबंधांचं गणित याहून विचित्र आहे. संशोधकाला निबंधाचे पैसे मिळत नाहीत, तो तपासणाऱ्या सहकाऱ्यालाही सहसा मिळत नाहीत, संशोधनाचा खर्च बहुधा सार्वजनिक असतो, आणि तरी हक्क नियतकालिकाच्या प्रकाशकाकडं जातो. लेखकाला उत्पन्न मिळावं हे कारणच इथं लागू पडत नाही. शोधनिबंध सर्वांना फुकट वाचता यावेत अशी मागणी करणारी, 2002 च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यानं आकार दिलेली मुक्त प्रवेशाची चळवळ म्हणूनच मला न्याय्य वाटते.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रोग्राम पुस्तकं 'वाचून' शिकतात त्याबद्दलचे खटले अनेक देशांत चालू आहेत. जपाननं 2018 साली अशा विश्लेषणाला बरीच मोकळीक दिली. युरोपीय संघानं 2019 साली मोकळीक देतानाच नकार नोंदवण्याचा हक्कही मालकांना दिला. शैली आणि तथ्यं कुणाची नसतात हे जुनं तत्त्व इथंही लागू आहे. पण शिकवण्यासाठी पुस्तकाची प्रत केलेली असते हेही खरं, आणि त्यातून निघालेला मजकूर मूळ लेखकाचाच बाजार खाणार असेल, तर त्याला मोबदला मिळावा या बाजूचा मी आहे.

जुनं पुस्तक आपल्याला वापरता येईल का हे पाहताना भारतात हिशेब असा करायचा: लेखकाच्या मृत्यूचं वर्ष घ्या, पुढच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षं मोजा. 1965 साली वारलेल्या लेखकाचं त्याच्या हयातीत निघालेलं पुस्तक 1 जानेवारी 2026 पासून मुक्त होतं. लेखक दोघं असतील तर नंतर वारलेल्याचं वर्ष धरायचं. आणि हातातली प्रत भाषांतर असेल तर भाषांतरकाराचं वर्ष वेगळं तपासायचं, कारण मूळ ग्रंथ मुक्त झाला तरी भाषांतरावरचा त्याचा हक्क त्याच्या स्वतःच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो.